मामाच्या विहिरीत दोन टाक्या

त्या पावसाळ्यात माझी मैत्रीण मालवणहून नागपूरला आणि नागपूरहून नेरला आमच्या घरी आली, ती स्वतः पिकअप चालवत. मागे ताडपत्रीखाली चार टाक्या, टाक्यांत हवा भरायचा पेट्रोलवरचा लहान कॉम्प्रेसर आणि दोन पोती सामान. गाडी दारात थांबली तशी गल्लीतली दोन-तीन माणसं गोळा झाली. शेजारच्या काकू टाक्या पाहून घाबऱ्याच झाल्या. त्यांना वाटलं, दवाखान्याचा ऑक्सिजन आला.

"कोन बिमार हाय वो?" त्यांनी आईला विचारलं.

"बिमार कोनी नाई. पोरीच्या कामाचं सामान हाय," आई म्हणाली आणि घरात गेली.

माझ्या कामाबद्दल आई तेवढंच बोलायची. मी कोकणात, समुद्रात बुडी मारायला शिकवणाऱ्या एका केंद्रात नोकरीला होते. पावसाळ्यात समुद्र बंद असतो, तेव्हा मी चार महिने नेरला घरी असायची. त्या चार महिन्यांत आई मला तिथलं खाणं विचारायची, राहण्याची खोली विचारायची, पण पाण्याचं कधी विचारायची नाही. तिची धाकटी बहीण बाभुळगावला, आजोळच्या विहिरीवर पाणी शेंदताना पडून गेली होती. आई तेव्हा दहा-अकरा वर्षांची असेल. ही गोष्ट मला आईने कधी सांगितली नाही, बाबांनी सांगितली. बाबा एसटीत कंडक्टर होते. सुटीच्या दिवशी मला सायकलवर बसवून तलावावर न्यायचे, ट्रॅक्टरच्या ट्यूबवर पोटाशी धरून पोहायला शिकवायचे. घरी आल्यावर आई माझे ओले केस पुसायची आणि काही म्हणायची नाही. तिला माहीत होतं, आणि आम्हालाही माहीत होतं की तिला माहीत आहे.

मैत्रीण आली त्याचं कारण असं. आमच्या केंद्रातला कॉम्प्रेसर दुरुस्तीला नागपूरला न्यायचा होता. ते काम तिने अंगावर घेतलं आणि परत जाताना काही दिवस आमच्याकडे थांबायची परवानगी काढली. आम्हा दोघींना दिवाळीनंतर अंदमानात एका शिक्षकाकडे टेक्निकल डायव्हिंग शिकायला जायचं होतं. साध्या डायव्हिंगमध्ये काही बिघडलं तर सावकाश पण सरळ वर येता येतं. या प्रकारात तसं येता येत नाही. खूप खोल, खूप वेळ राहिलं की श्वासातली हवा अंगात मुरते, आणि वर येताना ठरलेल्या ठिकाणी थांबत थांबत यावं लागतं, नाहीतर शरीराला अपाय होतो. म्हणून पाठीवर एकाऐवजी दोन टाक्या घ्यायच्या, त्या वरच्या बाजूला आडव्या नळीने जोडलेल्या. श्वास घ्यायची यंत्रंही दोन, एक बंद पडलं तर दुसरं. आणि टाक्या व पाठ यांच्या मधोमध विंग. विंग म्हणजे हवेची पिशवी. बटण दाबलं की टाकीतली हवा तिच्यात भरते, दोरी ओढली की सुटते. तिच्यात नेमकी हवा ठेवता आली की माणूस पाण्यात जिथल्या तिथे राहतो, खाली जात नाही की वर येत नाही.

शिक्षकाने कळवलं होतं, टाक्या आणि विंग आपापल्या निवडा, वापरून पाहा आणि मगच या. निवड सोपी नव्हती. मैत्रिणीच्या ओळखीच्या एका निवृत्त पाणबुड्याने तिला पोलादी टाक्यांची जोडी आणि आपली भली मोठी विंग वापरून बघायला दिली होती. केंद्रातून तिने ॲल्युमिनियमच्या दोन टाक्या आणल्या होत्या, आणि मध्यम आकाराची गोल विंग. माझी स्वतःची विंग एका टाकीपुरती होती, ती दोन टाक्यांचं वजन पेलणार नव्हती. मैत्रीण अंगापिंडाने मजबूत, कोळ्याघरची, लहानपणापासून जाळी ओढलेली. तिचं मन पोलादावर बसलं होतं.

"टाकी म्हणजे कशी व्हयी? पोलादी व्हयी," ती अंगणात टाक्यांवर थाप मारत म्हणाली. "ह्यां ॲल्युमिनियम रिकामा झाला की वर तरंगता. मग कमरेक शिसा बांधूक लागता. पोलादाक ती कटकट नाय."

तिचं खरं होतं. पण मी तिच्या खांद्याइतकीच होते. तिने मला ओट्यावर बसवलं, पोलादी जोडीचे पट्टे माझ्या खांद्यांवर चढवले, पोटाशी बक्कल लावलं आणि म्हणाली, "ऊठ."

मी उठायला गेले आणि तशीच मागे बसले. पुन्हा जोर केला, तरी उठता आलं नाही. तेवढ्यात आई चहा घेऊन बाहेर आली. तिने ट्रे पायरीवर ठेवला, माझ्या मागे गेली, दोन्ही हात टाक्यांच्या बुडाखाली घातले आणि उचलायला लागली. मी उभी राहिले. आई तशीच मागे टाक्या धरून उभी. माझ्या कामातल्या कुठल्याही वस्तूला तिने हात लावला तो तेव्हा पहिल्यांदा.

"हे घेऊन तू पान्यात जातं?"

"हो."

"अन् वर कशी येतं?"

मी विंग फुगवून दाखवली. नळीला तोंड लावून फुंकत राहिले, हळूहळू ती टाक्यांच्या दोन्ही बाजूंनी फुगून वर आली. आईने बोटाने दाबून पाहिली, पेरू पिकला का पाहतात तशी.

"हे फाटलं तं?"

उत्तर मैत्रिणीने दिलं, "काकी, विंग फाटली तर निसत्या पायांनी पोहून वर येवक जमाक व्हया. जमता काय नाय, तांच बगूक इलंव."

आईला 'इलंव' कळलं नाही. मी सांगितलं, आलो. आई मान हलवून चहा द्यायला लागली.

घरात दोघींची गंमत चालायची. आई 'काहून' म्हणायची, मैत्रीण 'कित्याक' म्हणायची, आणि दोघी एकमेकींना विचारायच्या की याला 'का' एवढं म्हणायला काय होतं. आई स्वतःबद्दल 'मी येतो, मी करतो' म्हणते याचं मैत्रिणीला इतकं हसू यायचं की ती पोळ्या लाटता लाटता लाटणं खाली ठेवायची. "काकी, तू बाईमाणूस गे!" आणि आई म्हणायची, "मंग काय झालं? आमच्याकडं बाया बी येतोच म्हनतात." मैत्रीण आईला अरे-तुरे करते हे शेजारच्या काकूंना आवडलं नव्हतं. आईला आवडत होतं.

एका संध्याकाळी बाबांनी यवतमाळहून मासे आणले. पाहुणीला माशाशिवाय जेवण जात नसेल असं त्यांनी आपणच ठरवलं होतं. तलावातले काटेरी मासे, मैत्रिणीने ते उलटेपालटे करून पाहिले आणि साफ करायला बसली. तिने सामानातून कोकमं काढली, आईने आपला काळा मसाला काढला. मी दारात बसून लसूण सोलत होते. आईने चुलीकडे पाहतच तिला विचारलं, "तुह्या घरी कोन कोन असते?"

"आवस आसा. भाऊ आसा."

"अन् बाप?"

"बापूस दर्यात गेलो. मी शाळेत होतंय तेव्हा. होडी गावली, तो गावलो नाय."

आईने कालथ्याने मासे सारखे केले. मग म्हणाली, "मंग तुही माय तुले जाऊ कशी देते वं?"

मैत्रीण सहज म्हणाली, "देता. पयलं चिकार रडली. आता सकाळी निघताना इतक्याच इचारता, वर येवचा कसा तां नीट शिकलंस मा? मी म्हणतंय, शिकलंय. मग म्हणता, जा."

जेवताना आईने मैत्रिणीच्या ताटात मोठा तुकडा वाढला. रात्रीची झाकपाक करताना मला म्हणाली, "उद्या मामाच्या इहिरीवर जाणार म्हनता ना? मी बी येतो."

मामाच्या विहिरीचं आम्ही बाबांशी बोललो होतो, आईपासून लपवलं नव्हतं इतकंच. टाक्या पाण्यात वापरून पाहायला दुसरी सोय नव्हती. तलाव उथळ आणि गढूळ. मामाची विहीर रुंद, बांधीव, पावसाने चांगली भरलेली, बुडापर्यंत चाळीसेक फूट पाणी. मावशी पडली ती हीच विहीर होती. आई भावाकडे राखीला जायची, लग्नकार्याला जायची, पण शेताच्या त्या कोपऱ्यात ती माझ्या आठवणीत कधी गेली नव्हती.

आम्ही सकाळी यवतमाळवरून बाभुळगावला गेलो, तिघी पिकअपच्या पुढच्या सीटवर. बाबांची ड्युटी होती. कापसाची ती वाईट वर्षं होती. बाबा म्हणायचे, पूर्वी कापूस विकून परतणाऱ्या माणसांनी गाडी भरली की गोंगाट असायचा, टपावर नव्या बादल्या, सायकली. आता गाडीत कोणी कोणाशी बोलत नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस उभा होता, काही ठिकाणी बरा, काही ठिकाणी दुबार पेरलेला, वीतभर. मामाचाही दुबारच होता. त्याने आम्हाला चहा पाजला, बैल दुसऱ्या बाजूला नेऊन बांधले आणि आईला विहिरीकडे येताना पाहून तिच्यासाठी कडुलिंबाखाली गोणपाट अंथरलं. आई त्यावर बसली. तिथून विहिरीचं तोंड दिसत होतं, पाणी दिसत नव्हतं.

आम्ही कॉम्प्रेसर सुरू केला. त्याची हवा ओढायची नळी धुराच्या उलट बाजूला, उंच ठेवावी लागते, नाहीतर इंजिनचा धूर टाकीत भरतो. मैत्रिणीने ती झाडाच्या फांदीला बांधली. यंत्र फटफटत राहिलं, काटा हळूहळू चढत होता. मग आम्ही झाडामागे जाऊन डायव्हिंगचे अंगाबरोबरचे काळे पातळ सूट घातले. आम्हाला त्या वेषात पाहून मामाला एकदम बैलांना पाणी पाजायचं आठवलं.

मामा परत आल्यावर टाक्या विहिरीच्या पायऱ्यांवर न्यायला सुरुवात केली तेव्हा पलीकडच्या बांधावरून कोणीतरी ओरडलं. पाहतो तर एक माणूस धोतर सावरत कापसातून धावत येत होता. त्याच्या मागे आणखी दोघे. पलीकडच्या वाटेवरून दोन बायका, एकीच्या हातात विळा तसाच. पहिला माणूस धापा टाकत विहिरीशी आला आणि मामाकडे पाहून त्याने विचारलं, "कोन?"

मला आधी कळलंच नाही. मैत्रीणही गोंधळली. मामाला कळलं. त्या वर्षांत विहिरीवर माणसं आणि गाडी दिसली की आमच्याकडे एकच अर्थ निघायचा, कोणीतरी जीव दिला. त्याने पुढे होऊन त्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवला.

"कोनी नाई. कोनी नाई गेलं. माही भाची हाय, तिचं कामाचं सामान पाहून राह्यली. बस."

माणूस खाली बसला. बांधाच्या ओल्या मातीतच बसला. मागचे दोघे येऊन पोहोचले, त्यांनाही मामाने तेच सांगितलं. विळा घेतलेली बाई आधी आमच्या काळ्या कपड्यांकडे, मग टाक्यांकडे पाहत राहिली आणि एकदम हसायला लागली. हसता हसता तिने पदर डोळ्यांना लावला. "पोरींनो, जीव घेतला वं तुमी," ती म्हणाली. आईने उठून त्या माणसाला आपल्या तांब्यातलं पाणी दिलं. तो पाणी प्यायला आणि मग त्याने टाकीवर हात ठेवून विचारलं, "हे किती लिटरचं?" ती सगळी माणसं घरी गेली नाहीत. दुपारपर्यंत तिथेच बसून राहिली.

त्या सगळ्या गडबडीत आई विहिरीच्या काठाशी आली होती. पाणी देऊन ती परत गोणपाटावर गेली नाही. मी पायरीवर बसून पाखं घालत होते, पायात घालायची ती लांब रबरी. आई माझ्या मागे उभी राहून म्हणाली, "दोर बांध."

पाण्याखाली दोर म्हणजे गुंतायची भीती. आम्ही शिकवताना लोकांना दोरापासून दूर राहायला सांगतो. मी तसं सांगायला तोंड उघडलं, त्याआधीच मैत्रीण म्हणाली, "बांधूया. एकदा ओढला की बरा आसा. तीनदा ओढला की वर घेवचा. काकी, तू धर."

मामाने सुताचा नवा दोर आणला. मैत्रिणीने तो माझ्या पट्ट्याला असा बांधला की मला एका हाताने सोडता येईल, आणि सोडायचा कसा ते आईलाही दाखवलं. दुसरं टोक आईने हातात घेतलं. मामा म्हणाला, आण, मी धरतो. आईने दिला नाही.

आधी मैत्रीण उतरली, पोलादी जोडी घेऊन. मी तिच्या बाजूला, ॲल्युमिनियमची जोडी आणि गोल विंग. वरचं पाणी कोमट होतं, हिरवं. दोन पुरुष उंचीएवढं खाली गेल्यावर थंड झालं आणि उजेड कमी झाला. विहिरीचे दगड हाताच्या अंतरावर दिसत होते, त्यांच्या सांध्यांतून कुठे कुठे शेवाळाचे केस लोंबत होते. बुडाच्या गाळाच्या जरा वर आम्ही थांबलो. मी दोर एकदा ओढला. लगेच वरून एक ओढ आली. ठरलं नव्हतं तसं, पण आईने उत्तर दिलं होतं.

ज्यासाठी आलो होतो ते करायचं ठरलं. विंग पूर्ण रिकामी करायची आणि नुसत्या पायांनी वर पोहून जायचं. मैत्रिणीने दोरी ओढून विंग रिकामी केली आणि पाय मारायला लागली. तिच्या पायांत जोर किती आहे ते मी समुद्रात पाहिलं होतं, पाण्याच्या ओढीच्या उलट ती दोन माणसांना घेऊन येते. ती हातभर वर गेली, मग तिथेच अडकल्यासारखी झाली. पाय जोरात चालत होते, श्वासाचे बुडबुडे दाट झाले होते, आणि ती इंचाइंचाने खाली येत होती. टाक्या भरलेल्या होत्या, अंगावरचा सूट पातळ, त्याचा तरंगायला काही आधार नाही. मी जवळ सरकले. तिने हात वर करून मला थांबायची खूण केली, आणखी एकदा प्रयत्न केला, मग बटण दाबलं. विंग फुगली आणि ती अलगद वर उचलली गेली. माझ्या डोळ्यांसमोर आली तेव्हा मास्कच्या काचेच्या आत तिचे डोळे मोठे झालेले होते. तिने बोटांनी बरी असल्याची खूण केली. मी तिचा हात धरला. जरा वेळ आम्ही तशाच थांबलो, तिचा श्वास जागेवर येईपर्यंत.

मग माझी पाळी. मी विंग रिकामी केली आणि खाली जायला लागले. पाय मारायला सुरुवात केली. जड होतं. मांड्या भरून आल्या. पण दगडांचा एक थर खाली गेला, मग दुसरा. मी वर जात होते. पाणी कोमट लागायला लागलं, उजेड वाढला. दोर ढिला होत होता आणि वरून कोणीतरी तो हळूहळू गोळा करत होतं, ओढत नव्हतं, फक्त ढील राहू देत नव्हतं. डोकं पाण्याबाहेर काढलं तर आई सगळ्यांत खालच्या कोरड्या पायरीवर होती. पावलं पाण्यापासून वीतभर. दोराचे वेटोळे तिच्या मांडीवर.

"फुग्याबिगर आली?" तिने विचारलं.

"फुग्याबिगर."

तिने माझ्या तोंडावरचे ओले केस बाजूला केले. मागे मैत्रीण वर आली, आई तिच्याकडे वळली. "अन् तू?"

मैत्रिणीने तोंडातून श्वासाचं यंत्र काढलं. "नाय जमला, काकी."

"मंग थे लोखंड नको घेऊ तू," आई म्हणाली.

मैत्रीण पायरीला धरून जोरात हसली. नंतर मात्र संध्याकाळपर्यंत ती पोलादी जोडीची बाजू मांडत राहिली. दोन पिशव्यांची विंग घेतली तर? एक फाटली तर दुसरी राहील. बोटीवर पोलाद टिकतं. तिने ती मोठी विंग मलाही लावून पाहिली. माझ्या ॲल्युमिनियमच्या टाक्यांना ती फार मोठी होती. रिकामी असताना दोन्ही बाजूंनी टाक्यांना गुंडाळून बसायची आणि एका कोपऱ्यात हवा अडकून मला डाव्या कुशीवर कलंडवायची. गोल विंगेत हवा फिरून वर यायची, सुटायलाही सोपी. माझं ठरलं. ॲल्युमिनियमची जोडी, गोल विंग, कमरेला थोडं शिसं, गरज पडली तर सोडून देता येईल असं. तिचं त्या दिवशी ठरलं नाही. दुसऱ्या दिवशी टाक्या पुसताना ती आपणहून म्हणाली, "दोघींका जोडीन जावचा आसा. एकीचा एक, दुसरीचा दुसरा, तर अडचणीत एकमेकींका सोडवतलो कसा?" तीही ॲल्युमिनियमचीच दुसरी जोडी घेणार होती; पोलादी जोडी तिने पोत्यात गुंडाळली. गुंडाळताना तिने टाक्यांवर दोनदा हात फिरवला. मला तिच्यासाठी वाईट वाटलं.

विहिरीवरून परत निघालो तेव्हा ऊन कललं होतं. धावत आलेल्या माणसाने आम्हाला काकड्या दिल्या, आणि मामाने तुरीच्या शेंगांचा हंगाम आला की या म्हणून सांगितलं. गाडीत आई मध्ये बसली होती. बाभुळगावचं वळण सुटल्यावर ती बोलायला लागली. आधी मला वाटलं मामाबद्दल बोलते आहे. मग कळलं, ती बहिणीबद्दल बोलते आहे. मावशी तोंडात दोन बोटं घालून शीळ घालायची. म्हशी तिच्या शिळेला वळायच्या. आजोबा रागवायचे, पोरीच्या जातीनं शीळ घालू नये, आणि ती त्यांच्या पाठीमागे जाऊन घालायची. चिंचा चोरून झग्यात लपवायची आणि झगा डागाळला की नाव माझ्या आईचं सांगायची.

"अन् मार कोनाले? मले," आई म्हणाली, आणि हसली.

मैत्रिणीने गाडी चालवता चालवता दोन बोटं तोंडात घातली आणि सणसणीत शीळ घातली. रस्त्याकडेच्या म्हशींनी मानाही वळवल्या नाहीत. आई म्हणाली, अशी नव्हती, जाड होती, आणि स्वतः करून दाखवायला गेली. नुसती हवा आली. यवतमाळच्या स्टँडजवळ आम्ही भजी घेतली आणि गाडीतच खाल्ली. आई किती बोलत होती. माझ्या मावशीला त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा ओळखायला लागले.

मैत्रीण आणखी तीन-चार दिवस राहिली. आम्ही दोनदा विहिरीवर जाऊन ॲल्युमिनियमची जोडी आळीपाळीने लावून पाहिली. आई एकदा आली, एकदा नाही, घरी पापडाचं काम होतं. जाताना तिने मैत्रिणीच्या गाडीत काळा मसाला, मुगवड्या आणि तिच्या आईसाठी एक साडी ठेवली.

दिवाळीनंतर आम्ही अंदमानला गेलो. शिक्षकाने पहिल्या दिवशी आमचं सामान ओट्यावर मांडून घेतलं, विंग फुगवून-सोडून पाहिली, टाक्या हलवून पाहिल्या आणि विचारलं, पोहून वर येऊन बघितलं का? आम्ही दोघी एकदम हो म्हणालो. कुठे, असं त्याने विचारलं. विहिरीत म्हटल्यावर त्याला वाटलं आम्ही चेष्टा करतो आहोत.

शिकणं सोपं गेलं नाही. मला पाठीमागची, टाकीची हवा बंद करायची चावी हाताने गाठायला कितीतरी दिवस लागले, खांदा वळायचा नाही. मैत्रीण रोज संध्याकाळी माझा हात मागे ओढून खांदा मोकळा करायची. शेवटच्या मोठ्या बुडीत आम्ही परत येताना थांबण्याच्या एका ठिकाणी निळ्या पाण्यात समोरासमोर होतो. खाली तळ दिसत नव्हता, वर बोटीची सावली. विंगेत जरा हवा, एवढीच. हात-पाय काही न हलवता दोघी एका उंचीवर. एक कासव आलं, आमच्यामधून जायचं की बाजूने हे त्याला ठरवता येईना, मग मधूनच गेलं. मैत्रिणीच्या डोळ्यांच्या कडांना हसल्याच्या सुरकुत्या पडल्या. आमच्या दोघींच्या टाक्या सारख्या, त्यामुळे हवेचे काटेही जवळजवळ सारखेच खाली येत होते.

बोटीवर चढल्यावर तिने टाक्या उतरवल्या, ओल्या सूटमध्येच फळीवर आडवी झाली आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. किनारा येईपर्यंत मी हलले नाही. बोटवाल्याने उकडलेली अंडी पुढे केली, तिच्या वाटची मी रुमालात बांधून ठेवली.